रविवारी संध्याकाळी बंद

खानावळीच्या शटरवर खडूनं लिहिलं होतं : 'रविवारी संध्याकाळी बंद'. निकितानं ते दोनदा वाचलं.

"विसरलोच मी," मागून कुणीतरी म्हणालं. "आज रविवार हाये, नाही का?"

तिनं वळून पाहिलं. खानावळीत खिडकीजवळ बसणारा तो मुलगा. केस ओले विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा, नखांत मात्र काळं ग्रीस.

निकिता मिरजेची. जमिनी मोजणारी भूकरमापक म्हणून मंगरूळपीरला रुजू होऊन तिला आठवडाही झाला नव्हता. कामाचे दिवस बरे गेले होते. शनिवारी मात्र ऑफिसातले सगळे आपापल्या गावच्या बसमध्ये चढले, आणि तेव्हापासून ती कुणाशी एक वाक्यही बोलली नव्हती.

"स्टँडसमोर आलूबोंडे गरम भेटतात," तो म्हणाला. "मी चाललोच तिकडं… यायचं असंन तर या."

ती गेली. भूक लागली होती म्हणून — असं तिनं स्वतःला सांगितलं.

त्याचं नाव धनराज. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं छोटं दुकान होतं.

"आमच्याकडे याला वडा म्हणतात," ती म्हणाली.

"म्हणत असतीन. तिखट लागला तरी वडाच म्हणता का?"

डोळ्यांत पाणी आलेलं असताना हसणं तिला अवघड गेलं.

पुढच्या रविवारी खानावळ बंद आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी साडेसातला ती शटरसमोर उभी होती. आणि धनराजही.

"विसरलो," तो म्हणाला.

"मीपण," ती म्हणाली.

दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

मग हे दर रविवारी होत गेलं. कधी कचोरी, कधी दर्ग्याच्या रस्त्यावरच्या हॉटेलात भुर्जी, मग गावाबाहेरच्या पुलापर्यंत चालत जाणं. फोन नाही, निरोप नाही, 'पुढच्या रविवारी भेटू' हेही नाही. फक्त बंद शटर, आणि दोन विसराळू माणसं.

एकदा तिनं विचारलं, "तुम्ही घरी का नाही जात? तुमचं मानोरा तर इथंच आहे."

"तांड्यावर घराले कुलूप हाये. मायबाप ऊसतोडीले गेले." तो थांबला. "तुमच्याच सांगलीकडं."

"म्हणजे ते तिकडे… आणि मी इकडे."

"हो ना. अदलाबदलच झाली." तो हसला आणि पुलाकडे चालू लागला.

त्या रात्री निकिताला नीट झोप लागली नाही. घराला कुलूप म्हणून हा माणूस आपल्यासोबत फिरतो, एवढंच आहे का? इथं तर सगळेच आपुलकीनं वागतात. शेत मोजायला गेलं की अनोळखी माणसंही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. मग याचं आपल्याला जेवायला नेणं म्हणजे… काय? शेताची हद्द तिला दाखवता यायची. ही हद्द कुठं सुरू होते, तेच कळत नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी अचानक अवकाळी सर आली. दोघं पेरूच्या गाडीच्या ताडपत्रीखाली शिरले. पाणी तिच्या खांद्यावर ठिबकायला लागलं, तेव्हा काही न बोलता धनराजनं जागा बदलली आणि स्वतः भिजत राहिला.

"तुम्ही भिजताय."

"मले सवय हाये."

"पावसाची?"

"नाही…" तो काहीतरी म्हणणार होता. पेरूवाल्यानं नेमकं तेव्हाच विचारलं, मीठ लावू का?

दुसऱ्या दिवशी जेवण वाढताना ललिताबाई, खानावळीच्या मालकीण, थांबल्या. "काल तुमी दोघं पावसात उपाशी फिरून राह्यले होते म्हणे? मले लई वाईट वाटलं. आता रविवारीबी मी चूल पेटवीन."

"नको मावशी, तुम्हाला त्रास…" निकिता घाईनं म्हणाली.

"तरास कायचा! लेकरं उपाशी अन् मी घरी टीव्ही पाहू?"

निकितानं खिडकीकडे पाहिलं. धनराज ताटात बघत होता. त्यालाही वाईट वाटलं, की सुटला बिचारा? चेहऱ्यावरून काहीच कळेना.

रविवारी शटर सताड उघडं होतं. वांग्याचं भरीत, कळण्याच्या भाकरी, ठेचा. ललिताबाईंनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि चुलीपाशी गेल्या. निकिता एकच घास चिवडत राहिली. इथं जेवायचं, हात धुवायचे, आपापल्या खोलीवर जायचं. संपला रविवार. पुलापर्यंत चला म्हणायला आता कारण काय?

"काहून? भरीत नाही जमलं?" ललिताबाईंनी तव्यावर भाकरी टाकत विचारलं.

"मस्त झालं," धनराज म्हणाला. मग त्यानं घास खाली ठेवला. "मावशी, तुमी रविवारी बंदच ठेवा."

"आँ? काहून रे?"

"बंद राह्यलं… की ह्या भेटतात मले."

तो हे ललिताबाईंना सांगत होता. पण कान लाल झाले ते निकिताचे.

"अन् हे मले भाकरी थापल्यावर सांगतू?" ललिताबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "दोन वर्सं झाले जेवतू इथं, एक रविवार चुकून आला नाही कधी! मीबी म्हटलं, यंदाच याले इसर कसा पडून राह्यला!"

म्हणजे त्या पहिल्या रविवारीसुद्धा…? निकितानं वर पाहिलं. धनराज पाण्याचा पेला शोधत होता. तो त्याच्या हातातच होता.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "यांना विचारा ना… फक्त रविवारच का?"

"मी कायले विचारू? समोर तर बसला हाये. तूच विचार!"

निकितानं श्वास घेतला. "फक्त… रविवारच का?"

धनराजनं पेला खाली ठेवला. "उद्या सकाळी आठ वाजता स्टँडवर चहा घेतो मी. येता का?"

कुणी तिला इतकं सरळ काही विचारून बरेच महिने झाले होते.

"येते," ती म्हणाली.

भाकरी करपल्याचा वास आला, तेव्हा कुठे ललिताबाई तव्याकडे वळल्या.