दोन टनांचा मोह

"हा घ्या. पाच स्टार आहेत, डोळे झाकून घ्या," मागून आवाज आला आणि मी वळले.

एसींच्या रांगेसमोर तो उभा होता. उन्हानं रापलेला चेहरा, ओले केस, गळ्यात शिट्टी... मी इतका वेळ एका लेबलाला डोळे लावून उभी होते, म्हणजे माझं घोडं अडलंय असा त्यानं समज करून घेतला होता.

"मी पोहायला शिकवतो," माझी नजर शिट्टीवर गेलेली पाहून तो म्हणाला. "काढायची राहिली. विचारा काय विचारायचं ते. मी कित्येक रविवार या एसींच्या मागे घालवलेत."

आता खरं सांगायचं तर मी एसी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. कुठल्या मशीनला किती स्टार, ते आमच्याकडच्या मापांवर ठरतं. एका खोलीत कडक उन्हाळा तयार करायचा, शेजारच्या खोलीत गारवा, मधल्या भिंतीत एसी, आणि आकडे स्थिर होईपर्यंत हाताची घडी घालून बसायचं. आज सुट्टी काढून आईच्या खोलीसाठी एसी घ्यायला आले होते, पण सवय कुठे जाते?

हे त्याला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण घरून निघताना आईनं बजावलं होतं, "जरा कमी शहाणपणा कर गं. समोरच्याला एखादं तरी वाक्य पुरं करू दे." आईचंही चुकत नव्हतं. माझं ठरलेलं लग्न मोडलं ते माझ्या या सवयीपायीच. तुझ्यासोबत असलं की सारखं परीक्षेला बसल्यासारखं वाटतं, असं तो माणूस म्हणाला होता. ते अजून बोचतं.

म्हणून मी एवढंच म्हटलं, "बरं, सांगा ना."

"जितके स्टार जास्त, तितकी वीज कमी," तो सांगू लागला. इथपर्यंत गाडी रुळावर होती. "आणि घ्यायचा तर मोठाच घ्यावा. खोली लहान असली तरी दोन टन. घोडा दमत नाही."

"घोडा?"

"मशीन हो."

मी हसले. तोही हसला, आणि हसताना त्याचे डोळे बारीक झाले. "तुम्ही ऐकता छान," तो म्हणाला. माझे कान गरम झाले. हे वाक्य मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"माझं बिल झालं की समोर कॉफी घेऊ या? म्हणजे... तुम्हाला चालणार असेल तर—"

"चालेल," मी जरा घाईनंच म्हटलं.

त्यानं विक्रेत्याला हाक मारली. "हा दोन टनांचा द्या. बाबांसाठी हवाय. वरची छोटी खोली आहे, त्यात त्यांना दमा. रात्र रात्र बसून काढतात हो."

विक्रेत्यानं पेन उघडलं. मी गप्प बसले असते तर कॉफी ठरलेली होती. कदाचित नंतर आणखी एक कॉफी, आणि पुढेही बरंच काही. तो मला आवडला होता, स्वतःपासून काय लपवायचं? पण वरच्या खोलीत उशीला टेकून बसलेले ते बाबा माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

"थांबा," मी म्हटलं. "हा घेऊ नका."

दोघंही माझ्याकडे पाहू लागले.

"हे पाच स्टार जुने आहेत. स्टार द्यायची पट्टी दर काही वर्षांनी कडक होते. नव्या पट्टीवर याला चारही मिळतील की नाही, शंका आहे. आधी लेबलावरचं वर्ष बघायचं, मग वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा. तोही ठराविक तास धरून काढलेला असतो. तुमचा रात्रभर चालणार, म्हणजे जास्तच लागतील. आणि दोन टन तर नकोच. लहान खोली झटकन गार होईल, मशीन मंदावेल, हवेतला दमटपणा मात्र राहील. दम्याच्या माणसाला तुम्ही ओलसर गारठ्यात झोपवाल."

"तुम्हाला हे सगळं—"

"मी हेच तपासते. माझं काम आहे ते."

विक्रेता छताकडे बघू लागला. शिट्टीवाल्यानं गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली.

"म्हणजे मघापासून मी तुम्हाला शिकवतोय."

"हो."

"आणि तुम्ही ऐकून घेताय. का?"

"तुमचं बोलणं ऐकावंसं वाटत होतं," मी म्हटलं. आता लपवून काय उपयोग होता? "आणि चूक दाखवली की माणसं उठून जातात, असा माझा अनुभव आहे."

दारातून उन्हाची झळ आत आली नि गेली.

"मी दिवसभर काठावरून काय ओरडतो, सांगू? मान चुकली, पाय चुकले, श्वास चुकला. गोड बोलत बसलो तर लोक बुडतील." तो थांबला. "मला मात्र कुणी काही सांगत नाही. बाबांना त्रास झाला असता, तर मी..."

ते वाक्य मी पुरं केलं नाही.

मग आम्ही दोघांनी मिळून निवडला. एक टन, यंदाचं लेबल, पाच स्टार.

"आणि तुम्ही कुणासाठी घेताय?"

"आईसाठी. तिला तीन स्टार पुरेत. ती दुपारी तासभर लावते आणि गारठा बाधेल म्हणून बंद करते. वीज वाचवायला आधी एसी चालायला तर हवा."

समोरच्या दुकानात कॉफी आली. तो नुसताच चमचा फिरवत राहिला.

"मी पुढेही पुष्कळ चुकेन," शेवटी तो म्हणाला. "सांगत जाशील?"

तो 'तू'वर कधी आला, ते त्यालाही कळलं नसावं.

"राग आला तर?"

"येईल की. दरवाजा आपटेन, दोन तास तोंड फुगवून बसेन..." त्यानं वर पाहिलं. "पण उठून जाणार नाही."

टेबलावरचा त्याचा हात मी हळूच धरला.

"सांगत जाईन," मी म्हटलं.