एक नंबरचा प्लग

"हे माझं इंजिनच नाई!"

खुशालराव ओरडले तसे गजेंद्रच्या गॅरेजातले पाने-हातोडे थांबले.

सकाळचे अकरा वाजले होते. अमरावतीच्या बडनेरा रोडवरच्या त्या गॅरेजात खुशालरावांची जुनी पेट्रोल जीप मधोमध उभी होती. आठ दिवस ती इथं क्लचच्या कामाला होती. शनिवारी गजेंद्रचा मेकॅनिक संघपाल ती अकोल्याला पोचवायला निघाला. वाटेत मूर्तिजापूरला बहिणीकडे राहिला आणि रविवारी सकाळी गाडी खुशालरावांच्या दारात लावली. सोमवारी चढावर इंजिन खडखडलं. आज मंगळवारी ते गाडी घेऊन परत आले होते.

"ब्लॉकवरचा नंबर तर तोच हाये, भाऊ," गजेंद्र म्हणाला.

"नंबर कोणीबी ठोकते. तीस वर्षं झाले हे इंजिन ऐकून राहिलो मी. बायकोचा आवाज चुकन, याचा नाई."

कोणी तरी हसलं. गजेंद्र हसला नाही. त्यानं मान वळवली.

"संघपाल, रात्रभर गाडी कोनाजवळ होती?"

संघपालचा चेहरा उतरला. एसटीच्या कार्यशाळेत त्याची निवड झाली होती. पुढच्या आठवड्यात पोलीस पडताळणी होती. तक्रार नोंदली गेली की नेमणूक गेली.

"मी चार वाजेपर्यंत थांबतो," खुशालराव म्हणाले. "मंग ठाण्यात जातो."

संघपालनं फोन काढला आणि उस्तादांना बोलावलं.

देवमन उस्ताद अर्ध्या तासात रिक्षानं आले. वय चौऱ्याहत्तर. गजेंद्र त्यांचा पहिला शिष्य, संघपाल शेवटचा. गॅरेजवर मोठा बोर्ड होता, 'देवमन उस्तादांचा पहिला शिष्य'. शिवाय चार वर्षांपूर्वी खुशालरावांचं इंजिन उस्तादांनीच एकट्यानं खोलून बांधलं होतं.

"जय भीम, उस्ताद. मी नाई केलं," संघपाल म्हणाला.

"मी अजून इचारलं नाई. चेंबर खोल."

तेल गाळलं. इंजिनाखालचं चेंबर उतरलं. उस्ताद पोत्यावर आडवे होऊन गाडीखाली सरकले आणि टॉर्च लावला. चार सिलिंडर एका रांगेत, त्यांचे चार रॉड, प्रत्येक रॉडच्या टोपीवर पंचानं मारलेली टिंबं. कोणती टोपी कोणत्या रॉडची, ते कळावं म्हणून मेकॅनिक अशी खूण करतात.

रेडिएटरकडच्या पहिल्या टोपीवर चार टिंबं. मग तीन. मग दोन. ड्रायव्हरसमोरच्या काचेकडच्या शेवटच्या टोपीवर एक.

टिंबं चकाकत होती. तेलानं अजून काळी पडली नव्हती.

उस्ताद बाहेर आले. बराच वेळ ते हात पुसत राहिले.

"गजेंद्र, हे इंजिन तू खोललं होतं काय?"

"नाई, उस्ताद. क्लच टाकला फक्त. इंजिनाले हातबी नाई लावला."

"संघपाल, तू?"

"नाई."

"मूर्तिजापूरला गाडी कुठं होती?"

"बहिणीच्या दारासमोर. सडकेवर. सारी गल्ली पाहून राहिली होती. इंजिन काढाले साखळी लागते, चार हात लागते, उस्ताद."

"चोराले साखळी भेटते," गजेंद्र म्हणाला.

उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुयी चिखलदऱ्याची जीप कशी हाये? पाहुणे नेते ते? दिवाळीत तर घाटात बसत होती म्हणे."

"आता झकास. तिसऱ्या गिअरात घाट चढते."

"बरं झालं." उस्तादांनी बॉनेट उघडलं. "संघपाल, एक नंबरच्या प्लगवर हात ठेव."

संघपालनं रेडिएटरजवळच्या प्लगवर हात ठेवला.

"सरक. गजेंद्र, आता तू."

"हे काय पोरखेळ?" म्हणत गजेंद्र पुढं आला. त्याचा हात सवयीनं मागं गेला, काचेजवळच्या प्लगवर.

उस्तादांनी डोळे मिटले.

"खुशालभाऊ, ठाण्यात जा. पण नाव संघपालचं नका सांगू."

"मंग कोनाचं?"

"ऐका. मी वाचाले शिकलो पन्नासाव्या वर्षी, साक्षरतेच्या वर्गात. त्याच्या आधी जे शिकलो ते पाहून शिकलो. माझा उस्ताद मागून मोजे. काचेकडचा एक, रेडिएटरकडचा चार. मीबी तसंच मोजलं, अन् गजेंद्रले तसंच शिकवलं. वाचाले आल्यावर गाडीचं पुस्तक पाह्यलं. त्यात एक नंबर रेडिएटरकडं होता."

"अन् इतके वर्षं गाड्या चालल्या कशा?" खुशालरावांनी विचारलं.

"तेच तर. आडव्या नाहीतर व्ही अक्षरासारख्या दोन फाकांच्या इंजिनात अशी चूक चालली नसती. हे सरळ रांगेचं. सिलिंडर पेट घेते एक, तीन, चार, दोन. मागून मोजा, तरी क्रम तोच येते, एक, तीन, चार, दोन. एक अन् चार तसेबी सोबतच वर येते. म्हणून चूक कधी दिसलीच नाई. मी सुधारलो. नंतरच्या साऱ्या पोरांले समोरून शिकवलं. चार वर्षांमागं तुमचं इंजिन बांधलं, तवा रेडिएटरकडच्या टोपीवर एकच टिंब मारलं होतं. आज तिथं चार हायेत, अन् ताजे हायेत. हे इंजिन आत्ता आत्ता बांधलं, ते मागून मोजणाऱ्यानं. असा माणूस आता एकच उरला."

कामं सोडून सारे गजेंद्रकडे पाहू लागले.

"उस्ताद, योगायोग असन..." गजेंद्र म्हणाला.

"असन. तुया चिखलदऱ्याच्या जीपचं चेंबर खोलू. रेडिएटरकडं माझं एक टिंब निघते का, पाहू. चाल."

गजेंद्रनं बाहीनं कपाळावरचा घाम पुसला. तो हळूच म्हणाला, "सीझन होता. गाडी घाटात बसे, पाहुणे शिव्या देत. तुमच्या हातचं इंजिन समोर होतं. माझं जुनं इंजिन बांधून, नंबर ठोकून खुशालभाऊच्या गाडीत टाकलं. मले वाटलं, त्यायले काय समजते."

"अन् संघपाल?"

गजेंद्रनं मान खाली घातली. मग एकदम म्हणाला, "तुमीच शिकवलं मले मागून मोजाले! संघपालले सुधारलं, मले काहून नाई सांगितलं?"

"लाज वाटली. तुयं गॅरेज झालं होतं, बोर्ड लागला होता. पोराले कसं सांगू का बाप चुकला?" उस्तादांनी बॉनेट बंद केलं. "पण चूक शिकवली मी. चोरी नाई शिकवली. अन् भावाच्या गळ्यात चोरी बांधणं तर नाईच."

खुशालरावांनी फोन काढला. मग संघपालच्या खांद्यावर हात ठेवला. "माफ कर, बाबू."

संघपालनं मान डोलावली.

उस्ताद बाहेर आले. उन्हात बोर्डाखाली उभे राहून त्यांनी वर पाहिलं: 'देवमन उस्तादांचा पहिला शिष्य'. हा बोर्ड लागला, त्या दिवशी सगळ्यांसमोर अक्षर अक्षर लावून त्यांनी तो मोठ्यानं वाचला होता. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव असं भिंतीवर वाचलं होतं.

"संघपाल, शिडी आण," ते म्हणाले. "अन् काळ्या रंगाचा डबा. पहिले दोन शब्द पुसून टाक."