गालाचा आकडा

मिरजेच्या त्या लोणच्याच्या कारखान्यात सकाळी दहाला चव तपासायचं टेबल मांडलं, की सगळे पुष्कर टोणपेच्या उजव्या गालाकडे बघत बसायचे. आजही पुष्करने लिंबाची फोड तोंडात टाकली. कानापुढची कातडी लाल झाली, घामाचे थेंब डवरले आणि गालावर चिकटवलेल्या घामपट्टीने भिंतीवरच्या पडद्यावर आकडा पाठवला : ८४.

"पास!" राजमाने साहेब म्हणाले.

"मीठ जास्त झालंय," विजयाताई बेंद्रे म्हणाल्या. बावीस वर्षं या कारखान्यात त्यांच्या जिभेचा शब्द शेवटचा होता. आज कुणी मान वर करूनही पाहिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी गाठ झाली म्हणून पुष्करच्या कानापुढची लाळग्रंथी काढावी लागली होती. कापलेले मज्जातंतू पुन्हा वाढताना वाट चुकले आणि कातडीतल्या घर्मग्रंथींना जाऊन मिळाले. तेव्हापासून तोंडाला पाणी सुटलं, की त्याच्या गालाला घाम सुटे. डॉक्टरांनी तो मोजायला पट्टी दिली. मग प्रयोगशाळेतल्या कुणाच्या तरी लक्षात आलं, की ज्या लोणच्याला हा गाल जास्त घामेजतो, ते बाजारात हातोहात खपतं.

विजयाताईंचा नुसता जळफळाट होई. या माणसाला मोहरीची डाळ आणि मेथीची डाळ यांतला फरक कळत नव्हता, तोही त्यांनीच शिकवला! आता त्याचा फोटो बरणीवर येणार होता, आणि त्यांना पुढच्या महिन्यापासून लेबलं तपासायला बसवणार होते.

जेवणाच्या सुट्टीत पुष्कर भिंतीकडे तोंड करून, गालाला रुमाल लावून डबा खात होता.

"लाज वाटते हो, ताई. लग्नात पंगतीला बसत नाही मी. तुमच्यासारखी जीभ असती, तर हा गाल कुणालाही देऊन टाकला असता."

त्याची दया यायला हवी होती. आली नाही. "तुझं ऑपरेशन कुणी केलं रे?" त्यांनी विचारलं.

"तुम्हालाही गाठ आहे?" तो घाबरलाच. त्याने लगेच फोन करून त्यांच्यासाठी वेळ घेतली.

डॉक्टर सामंतबाईंनी विजयाताईंचा गाल चाचपला, सोनोग्राफी केली. "गाठबीठ काही नाही. ग्रंथी ठणठणीत आहे."

"तरी काढा."

"का?"

विजयाताईंनी सगळं सांगून टाकलं. टेबल, पडदा, लेबलं. डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला.

"अहो, याच ग्रंथीतून चेहऱ्याची नस जाते. तिला धक्का लागला, तर तोंड वाकडं होईल, डोळा मिटणार नाही. आणि घाम येणं हा ऑपरेशनचा दुष्परिणाम आहे. तो सगळ्यांना होतही नाही."

"माझी जीभ त्याच्यापेक्षा चांगली आहे, डॉक्टर. गालही चांगलाच निघेल." विजयाताई खुर्ची पुढे ओढून बसल्या. "दोन्ही बाजूंच्या काढल्या, तर आकडा त्याच्या दुप्पट येईल ना?"