वरचं बोटभर

नम्रता पाण्याचं वय काढायची. लोधिवलीत शेजारणींना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या तोंडाला पदर लावून हसल्या होत्या, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण मुंबईच्या सरकारी अणुप्रयोगशाळेत तिचं कामच ते होतं. पावसाच्या पाण्यात ट्रिटियम नावाचं किरणोत्सारी द्रव्य अगदी नावापुरतं असतं. पाणी जमिनीत मुरलं की ते वर्षागणिक कमी होत जातं. किती उरलंय ते मोजलं की पाणी किती जुनं ते समजतं, आणि बाकीच्या तपासण्यांवरून ते डोंगरात कुठं मुरलं तेही. मग नेमके तिथेच चर खणायचे, म्हणजे झरा उन्हाळ्यात तग धरतो. अणू म्हटलं की लोकांना बॉम्ब आठवतो. नम्रताला रिकामे हंडे आठवायचे.

कशेळे गावाच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत एक वाडी होती. तिथल्या झऱ्याचे नमुने घ्यायला ती मार्चात गेली तेव्हा तिचा सहावा महिना सरत आला होता. बाळंतपणासाठी ती लोधिवलीला माहेरीच आली होती, आणि तिची आई, छाया, तिला जाऊ नको म्हणत होती. गेल्या वर्षीचं टिकलं नव्हतं. ते दुःख दोघींनी एकमेकींपासून लपवून गिळलं होतं. हे मूल मात्र नम्रताला हवंच होतं, त्याच्यापुढे नोकरीही फिकी होती. पण जीप थेट वाडीपर्यंत जाते, झरा हाकेच्या अंतरावर आहे आणि साध्या पाण्याचं भय ते कसलं, असं म्हणून ती निघालीच.

खडकाच्या कपारीतून पाणी झिरपून खाली दगडी कुंडात साचत होतं. भर दुपारी तिथं गारवा होता, करपलेल्या गवताचा वास होता. वाडीतल्या बायका पाणी भरत होत्या. हंडा काठोकाठ भरला की प्रत्येक बाई तो जरासा कलता करून बोटभर पाणी परत कुंडात सोडायची, आणि मगच चुंबळीवर चढवायची. पाणी सांडू नये म्हणून करत असतील, असं नम्रताला वाटलं.

तिची स्वतःची रीत अगदी उलटी होती. बाटली पाण्यात बुडवायची, झाकणही पाण्यातच लावायचं, आत हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये. बाहेरच्या हवेतला ओलावा जुन्या पाण्यात मिसळला की वय चुकतं. तिनं साऱ्या बाटल्या तशाच भरल्या आणि झाकणांवर चिकटपट्टी गुंडाळली.

गोदा नावाची म्हातारी हे बघत उभी होती.

"वरचं बोटभर ठिवायचं, बाय," ती म्हणाली.

कुणासाठी, असं नम्रतानं विचारलं. गोदानं कुंडाकडे पाहिलं.

"जिचं पानी, तिला."

नम्रतानं हसून तिला हवेचं आणि बुडबुड्याचं सगळं समजावलं. गोदानं ते नीट ऐकून घेतलं. मग तिची नजर नम्रताच्या पोटावर गेली आणि तिथंच थांबली.

प्रयोगशाळेत पेटी उघडली तेव्हा झऱ्याची प्रत्येक बाटली बोटभर रिकामी होती. चिकटपट्टी जशीच्या तशी होती, पेटीचा तळ कोरडा होता. तिच्याबरोबर काम करणारा मनोज म्हणाला, झाकणं फालतू निघाली, पुरवठादाराला झापायला हवं. पण त्याच पेटीत, त्याच झाकणांच्या, कशेळ्याच्या नळावर तुलनेसाठी भरून घेतलेल्या बाटल्याही होत्या. त्या काठोकाठ होत्या. मनोजनं दोन्हीकडच्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आणि चहाला निघून गेला.

नंतर ते लोधिवलीला आलं. उशाशी ठेवलेला तांब्या सकाळी बोटभर उणा असायचा. छायानं मांजरीला बोल लावला, मग उन्हाळ्याला. चहाचा कप नम्रता समोर ठेवून बसे; वाफ जाई आणि चहा उतरे, बोटभर, त्याहून थेंबभरही जास्त नाही. कपाच्या आतल्या अंगाला ओल उरत नसे. नम्रता घाबरली. आपण घाबरलो आहोत हे कळल्यावर तिला स्वतःचा राग आला, आणि त्या रागातच ती झऱ्याच्या त्याच बाटल्या घेऊन पुन्हा वाडीवर गेली.

तिनं एकेक झाकण उघडून पाणी कुंडात ओतलं. कुंड भरलेलं नव्हतं, तरी ओतलेलं पाणी आत राहिना. काठावर चढून ते दगडावरून वाहून गेलं.

मागे गोदा आली होती.

"नेल्यालं मागारी घेत नाय ती," ती म्हणाली.

"मग मी काय करू, मावशी?"

गोदानं हंडा कुंडाच्या काठावर टेकवला. "आजून काय भरल्यालं हाय तुज्याकडं?"

विचारलं तिनं साधंच. पण प्रश्न तोंडातून निघाला आणि तिनं एकदम मान फिरवली, हंडा उचलला आणि वाडीकडे चालू लागली.

घरी छायानं खण आणि नारळ काढून ठेवला होता. सातवा लागला, आता ओटी भरू, ती हौसेनं म्हणाली.

"आई, भरायचं नाव काढू नकोस."

छायाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं नारळ परत फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी दोघी कर्जतला सोनोग्राफीला गेल्या. डॉक्टरबाईंनी ठोके ऐकवले. नम्रताला हुंदका आवरेना.

"बाळ छान आहे," डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांचा हात पोटावर एका जागी थांबला. "बाळाभोवतीचं पाणी तेवढं कमी दिसतंय. मागच्या वेळी व्यवस्थित होतं."

"किती कमी?"

त्यांनी पडद्यावर आपलं बोट आडवं धरलं.

"एवढंसं. घाबरू नका. भरपूर पाणी प्या, आठवड्यानं पुन्हा बघू."

बाहेर बाकावर छायानं पिशवीतून स्टीलचा पेला काढला, काठोकाठ भरला आणि लेकीच्या हातात दिला. पी गं, ती म्हणाली.

नम्रता पेल्याकडे बघत बसली. आत नंबर पुकारले जात होते, एक बाई आली, एक गेली. छायानं पुन्हा पी म्हटलं.

या वेळी पाणी बोटभरही उतरलं नाही. पेला भरलेलाच राहिला, आणि नम्रताचा दुसरा हात पोटावर गेला.