कालव्यातून काढलेला फोटो

“वर्षातले तुझे आवडते आठ फोटो दे,” असं संपादकांनी सांगितलं तेव्हा टिप्या मनातून सुखावला. त्याच्या नजरेतून काही निसटत नाही, म्हणून ऑफिसने त्याला हे नाव ठेवलं होतं. आता पुरवणीचं अख्खं पान त्याचं होतं.

दुपारी तो पानं लावणाऱ्या मुलीशेजारी खुर्ची ओढून बसला. गोलपोस्टला लोंबकळणारा गोलकीपर. बंद कारखान्याच्या फाटकाशी डबा खाणारे कामगार. नवा चष्मा लावून खुदकन हसलेली आजी. तीन फोटो चुटकीसरशी ठरले.

“कालव्याचा हवाच,” ती म्हणाली.

संथ पाणी आणि तरंगणारी एकच चप्पल. त्या फोटोला बक्षीस मिळालं होतं. कालव्यात बुडालेल्या माणसाची बहीण फोटो छापून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ऑफिसात आली होती. “तुम्ही पोचलात तेव्हा तो जिवंत होता का हो?” तिने विचारलं होतं.

“नाही ताई. मला उशीर झाला.”

त्याआधीचे पाच फोटो टिप्याने पुसून टाकले होते. त्यांत तो माणूस काठावरच्या झाडाची मुळी धरून होता. टिप्याने हात पुढे केला असता तर पोचला असता.

फोल्डरमध्ये एकच फोटो उरला होता. आज तिथे दोन होते.

दुसरा फोटो पाण्यातून वर बघत काढलेला होता. काठावर टिप्या उभा, कॅमेरा डोळ्याला. घाबरलेला नव्हता. सुईत दोरा ओवताना धरावं तसं त्याने जिभेचं टोक दातांत धरलं होतं.

“अय्या, तुम्हीच की! कोणी काढला?”

“होता एक जण सोबत.”

“पाण्यात उतरून? कमाल आहे! हाच मोठा लावू या.”

त्याचे कान तापले. तिच्याकडे बघवेना. त्याने घाईघाईने कारखान्याचे फोटो उघडले. शेवटी एक जास्तीचा होता: त्याची स्वतःची पाठ, वीसेक पावलांवरून. आजीच्या फोटोंतही पाठच, पण जवळून. शर्टाची शिवण दिसत होती. कडेला, कॅमेऱ्याच्या काचेवर, पाण्याचे थेंब.

तो उठला, जिन्यात गेला आणि त्या बुडालेल्या माणसाच्या बहिणीला फोन लावला.

“ताई, मी खोटं बोललो. तो जिवंत होता. मी फोटो काढत राहिलो.” एवढं बोलताना त्याला दोनदा थांबावं लागलं.



“माहीत आहे मला,” ती म्हणाली. “भावाच्या नंबरवरून रोज एक फोटो येतो. तुम्ही स्वतःहून कधी सांगताय, याची वाट बघत होते.”

टिप्याने कठडा धरला.

“आजचा आत्ताच आला,” ती हळूच म्हणाली. “जिन्यात आहात ना? फोन कानाला लावून?”

त्याने जिन्यात वर-खाली पाहिलं. कोणी नव्हतं.

“आज चेहरा दिसतोय तुमचा,” ती म्हणाली. “समोरून काढलाय.”