दहा हजार चारशे तीन

सायकल वाचनालयाच्या दारातच आडवी लावलेली होती, आणि शुभाच्या साडीचा काठ नेमका तिच्या पॅडलमध्ये अडकला. तो सोडवताना हँडलवरचा परवान्याचा पितळी बिल्ला दिसला – १०४०३. आकडा दिसला की त्याला भागून बघायचं, ही तिची जुनी खोड. बी.एस्सी. झाली, शाळेत गणित शिकवू लागली, तरी गेली नाही.

"सायकल माझी आहे," मागून आवाज आला. "तुम्ही नेणार नसाल, तर मी नेऊ का?"

ती लगेच हलली नाही. ओठांत पुटपुटत राहिली, आणि मग वळून म्हणाली, "मूळ संख्या आहे. म्हणजे… तुमचा नंबर. कशानेच भाग जात नाही."

"खात्री आहे?"

"भागाकारात मी चुकत नाही."

तो विद्याधर. भांडुपच्या रंगाच्या कारखान्यात केमिस्ट. मग रोज संध्याकाळी मुलुंडच्या पाच रस्त्यापासून शुभाच्या घरापर्यंत तो सायकल नुसती हातात धरून तिच्याबरोबर चालायला लागला.

"तेराने बघितलंत?"

"बघितलं."

"सदतीसने?"

"अहो, किती शंका घ्याल…"

मिठागरांवरून येणारा वारा तिच्या बटा उडवायचा, आणि तो मुद्दाम दुसरीकडे बघायचा.

नवे पैसे सुरू झाले ते वर्ष. एका शुक्रवारी शुभा चालता चालता म्हणाली, "रविवारी ठाण्याचे लोक मला बघायला येणार आहेत."

विद्याधरने उगाचच घंटी वाजवली. ती रात्रभर त्या घंटीवर चिडली.

शनिवारी वर्गात फळ्यावर एकशे दोनचा वर्ग करताना तिचा खडू थांबला. दहा हजार चारशे चार. त्यातून एक वजा… म्हणजे एकशे एक गुणिले एकशे तीन! शंभराच्या आतल्या मूळ संख्या तिला तोंडपाठ; म्हणून ती सत्त्याण्णवपर्यंत भागून थांबली होती. आणि पुढचीच एकशे एक.

संध्याकाळी ती वाचनालयाच्या दारात उभी राहिली. कान तापले होते.

"मी चुकले. एकशे एकने भाग जातो."

"ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी दिसलं होतं."

"आणि गप्प बसलात?"

"सांगितलं असतं, तर… दुसऱ्या दिवशी काय बोललो असतो?" तो ब्रेक तपासत राहिला. ब्रेकला काहीही झालेलं नव्हतं. "दोन्ही मूळ संख्या. हट्टी, कुणालाच दाद न देणाऱ्या. पण किती जवळ… मध्ये एकच आकडा. उद्या ते लोक कधी येणार?"

"पाचला."

"मी तीनला आलो तर?"

शुभाने काठ सावरला. आज तो कुठेच अडकला नव्हता.

"मधला एकशे दोन म्हणजे आमचे अण्णा."

"फार कडक आहेत का वडील?"

"एकशे दोनला दोनने भाग जातो, तीनने जातो, सतरानेही जातो," ती हसू दाबत म्हणाली. "सगळ्यांशी जमतं त्यांचं. फक्त दुपारची झोपमोड खपत नाही. चारला या."