जोत्यावरची पंगत

शुक्रवारी बियाण्यांच्या कंपनीला सुट्टी असते, म्हणून हरिओमने गुरुवारी संध्याकाळीच गाडीची टाकी भरून ठेवली. चाकांतली हवा पाहिली, आरसा पुसला. एवढी तयारी त्याने लग्नाच्या दिवशीही केली नव्हती.

जालना एमआयडीसीत तो बियाण्यांच्या पिशव्या शिवायचा. आठवीतच शाळा सुटलेली, त्यात स्वभाव बुजरा. लग्नाला सात महिने झाले तरी बायकोशी चार वाक्यं सलग बोलायची तर ती आधी मनात जुळवून घ्यावी लागायची. आणि जुळवली तरी बोलणार कुठे? दीड खोलीचं घर, त्यात आई, वडील, भाऊ, भावजय. भावना टेंभुर्णीची, मोठ्या अंगणात वाढलेली. ती कधी भांडली नाही, नुसती गप्प होत गेली. बुधवारी भाकरी थापता थापता तव्याकडे बघूनच म्हणाली, "शनिवारी ऋषी न्यायला येऊन राह्यला. मंग परत कधी यायचं, ते बघू."

ऋषी तिचा धाकटा भाऊ. त्या 'बघू'ने हरिओमची झोप उडवली. ती एकदा गेली की येणार नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

मधे फक्त शुक्रवार होता. मागे एकदा मोबाइलवर रिकामा समुद्रकिनारा बघताना भावना म्हणाली होती, असं कुणीच नसलेलं पाणी एकदा पाहायचंय. तेवढं एकच तिने मागितलं होतं. हरिओमने फोनवर शोधलं. फारसे माहीत नसलेले, शांत किनारे भरपूर निघाले, पण सगळे कोकणात, आणि प्रत्येकाखाली बारा तासांचा रस्ता. शेवटी कंपनीतल्या बद्रीनाथ हमालाने तोडगा काढला. उन्हाळ्यात धरणं उतरतात, कडेला वाळू उघडी पडते, समुद्राला विसरशील, म्हणाला. त्याने तीन जागा सांगितल्या. हरिओमने त्या रिकाम्या पिशवीच्या लेबलामागे लिहून घेतल्या.

निघताना आईने, उषाबाईने, दारातून टोमणा मारलाच, की आम्हाला इतक्या वर्षांत कुणी ओढ्यावरसुद्धा नेलं नाही.

पहिल्या जागी दोन टेम्पो भरून माणसं उतरली होती. मोठमोठे भोंगे लावून नाच चालला होता आणि एक जण पाण्यातच जीप धूत होता. दुसऱ्या जागी फाटकाला साखळी. आतला राखणदार खाटेवरून उठलाही नाही, पडल्या पडल्याच त्याने हात हलवून परत जायला सांगितलं. तिसऱ्या जागी पाणीच नव्हतं. भेगाळलेला गाळ, मेलेल्या मासळीचा वास, आणि मधोमध गाळ उपसणारं मशीन. ऊन डोक्यावर आलं होतं. प्रत्येक ठिकाणी भावना गाडीवरून उतरायची, बघायची, परत बसायची. ती एकदा तरी चिडली असती तर हरिओमला बरं वाटलं असतं. ती बोललीच नाही, आणि त्याच्या मनातला राग स्वतःवरच फिरत राहिला. एवढं एक काम, तेही जमत नाही आपल्याला.

वाटूर फाट्यावर ते चहाला थांबले. टपरीवाल्याचं नाव भुजंग, पन्नाशीचा, बोलका माणूस. हरिओम अनोळखी माणसाशी आपण होऊन कधी बोलत नसे, पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं.

"मामा, माणूस नसलेलं पाणी हाय का कुठं या जिल्ह्यात?"

भुजंग हसला. "माणूस नसलेलं? हाय की. आमचंच गाव हाय."

त्याने सांगितलं ते असं. धरण झालं तेव्हा त्यांचं गाव उठलं, त्याला पंधरा-सोळा वर्षं झाली. वैशाखात पाणी उतरलं की घरांची जोती वर येतात, भोवती साखरेसारखी वाळू पसरते. रस्ता नसल्यामुळे तिथे कुणी फिरकत नाही. दिवस मावळायच्या आत निघा म्हणजे झालं, एवढंच तो म्हणाला. नंतर आणखी काहीतरी सांगायला त्याने तोंड उघडलं, पण तेवढ्यात एसटी आली, गिऱ्हाईक उतरलं आणि ते राहून गेलं.

जागा खरंच होती. बाभळींच्या रांगेपलीकडे जमीन उतरत गेली आणि एकदम पाणी दिसलं, पार पलीकडच्या टेकड्यांपर्यंत. काठाला पांढरी, मऊ वाळू. वाळूत घरांची दगडी जोती ओळीने उघडी पडलेली, मधली बोळं तशीच. एका ठिकाणी अर्धं जातं. एका ठिकाणी चिंचेचं काळं खोड. लाटा अगदी बारीक, आवाज न करणाऱ्या. पक्षी नव्हते. वारा बाभळींपाशीच थांबला होता, आणि सगळीकडे मातीच्या जुन्या रांजणात डोकावल्यासारखा गार, कोंडलेला वास होता.

भावनाने चपला काढल्या, पातळ थोडं वर धरलं आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. मग मागे वळून हसली.

हरिओमच्या छातीवरचं ओझं उतरलं. मनात जुळवलेली वाक्यं जागेवर होती. चंदनझिऱ्यात एक खोली पाहिली आहे. पुढे लहानसं अंगण आहे. पुढच्या महिन्यात आपण दोघंच तिथे राहू. तू परत येशील ना? एवढंच म्हणायचं होतं. जेवण झालं की म्हणू, त्याने ठरवलं.

सगळ्यात रुंद जोत्यावर ते बसले. भावनाने फडकं सोडलं. चार भाकरी, पिठलं, ठेचा, कांदा. हरिओम भाकरी मोडणार, तोच त्याला ती बाई दिसली.

पाण्याच्या कडेला, शेवटच्या जोत्यापाशी उभी होती. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. त्यांच्याकडेच बघत होती.

हरिओमला संताप आला. सकाळपासून हेच चाललं होतं, आणि आता इथेही माणूस. पण कुणी बघत असताना त्याला 'या' न म्हणता घास तोडायचा नाही, हे आईने लहानपणापासून अंगी भिनवलेलं. म्हणायचं असतं, एवढंच. समोरचा माणूस 'होऊ द्या' म्हणतो आणि आपल्या वाटेने जातो. अख्ख्या मुलखाची रीत आहे ती. मनातून ती बाई जावी असं वाटत असतानाच हरिओमने हात वर केला आणि हाक दिली, "या जेवायला!"

बाईने 'होऊ द्या' म्हटलं नाही.

ती आली. वाळूतून चालत आली, तरी लुगड्याच्या काठातून पाणी निथळत होतं. सुरकुतलेला चेहरा, मनगटात गच्च हिरवा चुडा, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. जोत्याच्या कडेला पायरी असावी तसा तिने रिकाम्या जागी पाय ठेवला, आणि वर आली.

"बसा मावशी," हरिओम नाइलाजाने म्हणाला.

"माझ्याच वसरीत मला बस म्हणतो का रं?" बाई हसली. तिने नाव सांगितलं, चतुराबाई.

भावनाने तिला अर्धी भाकरी वाढली. आणि मग, सात महिन्यांत जी सासरी बोलली नव्हती, ती बोलायला लागली. घर केवढं, माणसं किती, रात्री कूस बदलायलाही जागा नाही, सगळं. म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत होती. हरिओम बाजूला बसून होता. त्याची चार वाक्यं गिळली गेली होती. आपल्याशी बोलण्यासाठी आणलेली बायको एका परक्या म्हातारीशी बोलून राह्यली, याचंच त्याला अजून वाईट वाटत होतं. भीती नंतर आली.

"कोण्या गावची गं तू?" चतुराबाईने विचारलं.

"टेंभुर्णीची."

"लई लांब. इतकं लांब कशाला जायचं?" मग ती पाण्याकडे वळून हळूच म्हणाली, "या रे... जेवाया बोलावलंय आपल्याला. लेक वाढून राह्यली."

पाण्यावर काहीच हललं नाही. तरी जोत्यावर गारवा वाढला. दगडांवरून ओल्या पावलांचा आवाज आला, एकामागून एक, आणि बसल्यासारखा थांबला. हरिओमला कुणीही दिसलं नाही. पण भावना उठली. पदर खोचून तिने भाकरीचे तुकडे केले आणि दगडापाठोपाठ दगडावर एकेक तुकडा ठेवत गेली. प्रत्येक ठिकाणी वाकून, हसून.

"अजून वाढू का?... लाजू नका."

भाकरी संपायला हवी होती. चारच तर होत्या. तिच्या हातातली चवड कमी होत नव्हती, आणि दगडावर ठेवलेला तुकडा हरिओमने डोळे मिटून उघडेपर्यंत नाहीसा होत होता.

"भावना..." त्याने तिचा पदर ओढला. "भावना... चल."

तिने ऐकलं नाही. चतुराबाईने मात्र ऐकलं. ती त्याच्याकडे वळली. तिच्या पापण्यांच्या कडेला बारीक गाळ होता.

"धाडते की," ती म्हणाली. "पण लेकीला रिकाम्या वटीनं धाडत न्हाईत."

तिने भावनाला पूर्वेकडे तोंड करून बसवलं, कुंकू लावलं, आणि आपल्या ओच्यातून पाच मुठी गहू तिच्या पदरात घातले. भावनाने वाकून तिच्या पायांना हात लावला. ती उठून उभी राहिली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते, माहेराहून निघताना भरतात तसे.

गाडी कशी चालू झाली, हरिओमला आठवत नाही. बाभळी ओलांडेपर्यंत त्याने आरशात पाहिलं नाही.

फाट्यावर भुजंग टपरी आवरत होता. भावना गाडीपाशीच उभी राहिली. हरिओमचा चेहरा बघून त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि दबक्या आवाजात विचारलं, "तिथं जेवलात?"

हरिओमने होकारार्थी मान हलवली.

"कुणाला या म्हणला न्हाईत ना?"

हरिओमने ग्लास तसाच खाली ठेवला. भुजंग बाकावर टेकला. त्यांच्या गावची माणसं दर वैशाखात तिथे नैवेद्य ठेवायला जातात, पण मुक्याने. ठेवायचा आणि निघायचं, कुणी कुणाला जेवायला म्हणत नाही. हेच सांगायचं राहून गेलं होतं. "गाव उठलं तवा सगळेच उठले न्हाईत, भाऊ," तो म्हणाला. "कोण आल्तं?"

हरिओमने नाव सांगितलं.

"चुलती माझी," भुजंग म्हणाला. "सातही पोरगेच होते तिला. एक लेक पाह्यजे म्हणून जन्मभर नवस केले." मग गाडीपाशी उभ्या भावनाकडे त्याने एकदा पाहिलं आणि घाईघाईने विचारलं, "वटी तर भरली न्हाई ना?"

हरिओमने खोटं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर पुढचं ऐकावं लागलं असतं.

घरी आल्यावर भावनाने पदराची गाठ सुपात सोडली. गव्हांना कोंब आले होते. कोंब नव्हेत, बोटभर लांब पांढरी मुळं, एकमेकांत गुंतलेली. तिने ते सूप फडताळात सांभाळून ठेवलं. त्या रात्री ती सासूशी बोलली, जावेशी बोलली, हसली. झोपताना हरिओमने सगळा धीर गोळा केला आणि खोलीचं, अंगणाचं एकदाचं सांगितलं.

"कशाला खर्चा करता?" ती म्हणाली. "बरं हाय इथं. मी कुठंच जात न्हाई."

याच शब्दांसाठी तो दिवसभर उन्हात फिरला होता. म्हणून त्याने स्वतःला समजावलं, की जे झालं ते ऊन लागल्याने झालं. बायको राहिली, हे महत्त्वाचं. तिचा हात त्याच्या हाताला लागला तेव्हा तो गार होता, तेही त्याने मनावर घेतलं नाही.

शनिवारी दहाच्या सुमारास ऋषी आला. हातात आईने दिलेली शेवयांची पिशवी, घामाने डबडबलेला. दारातच चप्पल काढत म्हणाला, "ताई, भरली का बॅग? आई सकाळपासून वाट पाहू राह्यली."

भावनाने डोक्यावरून पदर घेतला. खाली मान घालून पाण्याचा तांब्या आणला, त्याच्यापुढे न ठेवता हातभर लांब ठेवला, आणि दाराआड सरकली. मग हरिओमची बाही हळूच ओढून, परक्या पुरुषाला ऐकू जाऊ नये इतक्या खालच्या आवाजात तिने विचारलं,

"अहो... पाव्हणे कोणत्या गावचे?"

ऋषी हसला. ताई चिडलीय म्हणून थट्टा करतेय, असं त्याला वाटलं.

भावना हसत नव्हती. दाराच्या चौकटीला धरून, ती उत्तराची वाट बघत उभी होती.